मोबाईलवरचा ई-मेल अडला तर...



बेणे, खते, पाणी हे आपले नेहमीचे विषय या वेळी बाजूला ठेवून आम्ही जरा वेगळ्याच विषयाला हात घालत आहोत. याला कारण आपणच. हल्ली गटात फिरताना बांधावर जे प्रश्न विचारले जातात, त्यांत हुमणी आणि तांबेरा तर असतातच. पण त्यांच्या जोडीला एक नवा प्रश्न हमखास येतो. "साहेब, माती तपासणीचा रिपोर्ट मेलवर टाकलाय म्हणतेत, माझ्या मोबाईलात तर काहीच नाही." दुसरा म्हणतो, "पोरीच्या परीक्षेचा मेल यायचा होता, अन् हे मोबाईल पासवर्डच मागायलंय." तिसरा म्हणतो, "साहेब, पाठवलेला फोटो दोन दिवस झाले जाईनाच."

मोबाईल दुरुस्ती हे काही ऊस विकास खात्याचे काम नव्हे, हे खरे. पण मातीचा रिपोर्ट, रोगाचा सल्ला, बँकेचा उतारा, मुलामुलींच्या प्रवेशाचे कागद आज याच वाटेने येतात. नीट आणि राज्याच्या सीईटी परीक्षांचा अर्ज तर मोबाईल नंबर आणि ई-मेल पत्ता दिल्याशिवाय भरताच येत नाही. ज्या वाटेने कागद येतो ती वाट बंद पडली, तर नुकसान सभासदाचेच होते. म्हणून चार गोष्टी समजून घेऊ.

मेल फोनात नसतो

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही, की आपला ई-मेल आपल्या मोबाईलमध्ये नसतो. तो मेलची सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या संगणकावर असतो. मोबाईल फक्त तो तिथून आणून दाखवतो.

आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. पाणी माजलगावच्या धरणात आहे. तिथून कालवा, कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी आणि चारीतून आपले शेत. शेतात पाणी आले नाही म्हणजे धरण आटले असे कुणी म्हणत नाही. मधे कुठे दार बंद आहे, कुठे गाळ साचला आहे, कुठे कुणी पाणी अडवले आहे, हे आपण पाहतो. मेलचे तसेच आहे. पाठवणाऱ्याच्या फोनातून मेल त्याच्या कंपनीच्या संगणकावर जातो, तिथून आपल्या कंपनीच्या संगणकावर येतो आणि तिथून आपल्या मोबाईलमध्ये उतरतो.

म्हणून मोबाईल पडला, फुटला किंवा बदलला तरी मेल जात नाही. नव्या मोबाईलमध्ये तेच खाते उघडले की जुने सगळे मेल दिसू लागतात. पण त्याला एक अट आहे. त्या खात्याची किल्ली, म्हणजे पत्ता आणि पासवर्ड, आपल्या हातात पाहिजे. किल्ली नसेल तर धरण भरलेले असूनही आपले रान कोरडे. या किल्लीकडे आम्ही पुढे येतो, कारण खरे दुखणे बहुधा तिथेच असते.

ही विद्या तशी जुनी आहे. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाला मेल पाठवण्याची सोय रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली केली. पत्त्याच्या मधे जे गोल शेपटीचे 'ॲट'चे चिन्ह असते, ते त्यानेच निवडले. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. जीमेल आले २००४ साली. तेव्हा मेल पाहायला शहरातल्या सायबर कॅफेत जावे लागे. आज तो खिशात आहे. पण खिशात आला म्हणून त्याची निगा राखायला नको असे नाही.

एका ओळीने तपासा

मोटार चालू झाली नाही तर आपण लगेच ती विहिरीतून वर काढत नाही. आधी लाईट आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग वायर. मोटार जळाली असा निकाल सगळ्यांत शेवटी. मोबाईलच्या बाबतीत मात्र आपण उलटे करतो. मेल दिसला नाही की पहिल्या झटक्याला ॲप काढून टाकतो, नाही तर मोबाईल घेऊन थेट दुकान गाठतो. तसे न करता पुढल्या क्रमाने पाहावे.

१) नेट आहे का? मेलचे ॲप सोडून दुसरे काही तरी उघडून बघा. बातम्यांचे पान किंवा हवामानाचे. तेही उघडत नसेल तर दोष मेलचा नाही. रिचार्ज संपला आहे का, मोबाईल डेटा बंद आहे का, वरच्या पट्टीवर विमानाचे चित्र आले आहे का, हे पाहा. धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात रेंज कमी-जास्त होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. तिथे मोकळ्या जागी येऊन एकदा बघावे.

२) तारीख-वेळ बरोबर आहे का? हे ऐकून पुष्कळांना हसू येते. पण बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेला जुना मोबाईल पुन्हा चालू केला, की कधी कधी त्यात भलत्याच सालाची तारीख येते. तारीख चुकली की मोबाईल आणि कंपनीचा संगणक यांची एकमेकांशी ओळख पटत नाही आणि मेल अडतो. सेटिंगमध्ये तारीख-वेळ 'आपोआप' या खुणेवर ठेवावी.

३) मोबाईल एकदा बंद करून चालू करा. साधा उपाय आहे, पण गुण येतो.

४) सिंक चालू आहे का? सिंक म्हणजे मोबाईलने ठरावीक वेळाने संगणकाकडे जाऊन नवे मेल घेऊन येणे. हे बटन बंद असेल तर मेल आपणहून येत नाही. जीमेलच्या ॲपमध्ये डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाबा, खाली सेटिंगमध्ये जा, आपले खाते निवडा. तिथे सिंकची खूण सापडेल. बॅटरी वाचवायचे किंवा डेटा वाचवायचे बटन चालू असेल तरीही मेल उशिरा येतो. तातडीचा मेल पाहायचा असेल तर मेलची यादी बोटाने वरून खाली ओढून सोडावी. मोबाईल त्याच वेळी नवे मेल मागवतो.

५) ॲप जुने झाले आहे का? प्ले स्टोअरमध्ये जाऊन ते अद्ययावत करून घ्यावे. मोबाईलच फार जुना असेल तर मात्र इलाज नाही. अँड्रॉइड २.३.७ आणि त्याहून जुन्या फोनांवर गूगलने २७ सप्टेंबर २०२१ पासून खाते उघडणेच बंद केले आहे. असा मोबाईल बोलण्यापुरता ठेवावा.

या पाच गोष्टींत निम्म्या तक्रारी बांधावरच मिटतात, असा आमचा अनुभव आहे.

मेल आला, पण दिसला नाही

नेट आहे, सिंक आहे, तरीही मेल नाही. अशा वेळी मेल आलेला असतो, पण भलत्या ठिकाणी जाऊन पडलेला असतो.

त्यातले पहिले ठिकाण म्हणजे 'स्पॅम'. नको असलेले, जाहिरातीचे, फसवणुकीचे मेल कंपनी आपणहून बाजूला काढून या खणात टाकते. खळ्यावर उफणताना भुसकटाबरोबर चार दाणेही उडून जातात, तसे कधी कधी कामाचे मेलही तिकडे जातात. जीमेलमध्ये स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. तेव्हा रिपोर्टची वाट पाहत असाल तर आठवड्यातून एकदा तो खण उघडून बघावा. कामाचा मेल सापडला तर त्यावर 'स्पॅम नाही' अशी खूण करावी, म्हणजे पुढचा मेल सरळ येतो. 'जाहिराती' नावाचा दुसरा एक खण असतो, तोही पाहावा. एवढे करून सापडला नाही तर वरच्या शोधाच्या चौकटीत पाठवणाऱ्याचे नाव टाकून शोधावे.

दुसरे ठिकाण म्हणजे आपलेच दुसरे खाते. हा प्रकार आपल्याकडे फार आहे. अँड्रॉइड मोबाईल घेतला की ॲप उतरवून घेण्यासाठी गूगलचे खाते लागते. दुकानदार विचारतो, "जुनं खातं आहे का?" आपण म्हणतो, "काय की, माहीत नाही." मग तो घाईत एक नवे खाते काढून देतो. पुढचा मोबाईल घेतला, पुन्हा नवे खाते. असे करता करता एकेका सभासदाच्या नावावर तीन-तीन खाती झालेली आम्ही पाहिली आहेत. बँकेत पत्ता दिलेला असतो पहिल्या खात्याचा, माती तपासणीच्या अर्जावर दुसऱ्याचा आणि मोबाईलमध्ये उघडे असते तिसरेच. मेल बरोबर त्याच्या पत्त्यावर पोहोचलेला असतो. आपण भलत्याच घराच्या दारात वाट बघत बसलेलो असतो.

पुष्कळ सभासद आम्हाला सांगतात, "आमचं मेल-बिल काही नाही साहेब." पण स्मार्टफोन वापरत असाल तर बहुतेक खाते आहेच. जीमेलचे ॲप उघडा. उजव्या कोपऱ्यात गोलात एक अक्षर किंवा फोटो दिसेल. त्यावर बोट ठेवले की आपला पत्ता दिसतो. एकापेक्षा जास्त खाती असतील तर तीही तिथेच दिसतात. त्यांतले एक कायमचे ठरवावे आणि इथून पुढे सगळीकडे तोच पत्ता द्यावा.

जागा भरली की वाट बंद

'जागा संपली' असा संदेश मोबाईल दाखवतो, तेव्हा दोन गोष्टींत गल्लत होते. एक मोबाईलमधली जागा आणि दुसरी खात्याची जागा. मोबाईलमधले फोटो पुसले तरी खात्याची जागा मोकळी होईलच असे नाही.

गूगल एका खात्याला १५ जीबी जागा फुकट देते. ही जागा एकट्या मेलची नसून मेल, ड्राईव्ह आणि गूगल फोटो या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पूर्वी गूगल फोटोवर थोड्या कमी दर्जाचे म्हणून साठवलेले फोटो या हिशोबात धरले जात नव्हते. त्या तारखेपासून नवे फोटो धरले जातात. अँड्रॉइड फोनावर व्हॉट्सॲपच्या बॅकअपचेही २०२४ पासून तसेच झाले आहे. म्हणजे लग्नसराईतले व्हिडिओ, सकाळच्या शुभेच्छांचे फोटो आणि सप्त्यातल्या कीर्तनाच्या चित्रफिती, हे सगळे मिळून आपली मेलची जागा खातात. १५ जीबी पूर्ण भरली की नवा मेल खात्यात शिरत नाही, तो पाठवणाऱ्याकडे परत जातो. आणि आपल्याला वाटते, समोरच्याने पाठवलाच नाही!

उपाय असा. गूगल फोटोतले मोठे व्हिडिओ आधी पाहून नको ते पुसावेत. मेलच्या शोधाच्या चौकटीत इंग्रजीतून 'लार्जर', पुढे दोन टिंबे आणि '१० एम' असे मधे जागा न सोडता लिहिले, की दहा एमबीपेक्षा मोठे मेल वेगळे निघतात. त्यांतले बिनकामाचे काढून टाकावेत. पुसलेला मेल आधी 'बिन' किंवा 'ट्रॅश'मध्ये जातो. तो खण रिकामा केल्यावरच जागा मोकळी होते. मात्र पुसण्यापूर्वी दोनदा बघावे. बँकेचा किंवा शाळेचा कागद पुसला गेला तर ३० दिवसांच्या आत बिनमधून परत काढता येतो, त्यानंतर नाही.

मेल जात नसेल तर

पाठवलेला मेल 'आउटबॉक्स'मध्ये अडकून बसला, तर तो अजून आपल्या मोबाईलमधून बाहेरच पडलेला नाही असे समजावे. नेट आहे याची खात्री केल्यावर पहिली शंका घ्यावी ती वजनाची.

पूर्वी पिकावर नवा रोग दिसला की नमुना घेऊन माणूस पाठवावा लागे. २००२ साली लोकरी मावा महाराष्ट्रात आला, तेव्हा पानावर पांढरे कापसासारखे काय दिसते हे समजावून सांगताना शेतकऱ्यांची किती धावपळ झाली, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. आज उसाच्या पानाचा फोटो काढून अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्राला, परभणीच्या कृषी विद्यापीठाला किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला घरबसल्या पाठवता येतो. पण आपण करतो काय, की एका दमात पंधरा फोटो आणि एक व्हिडिओ जोडतो. आजच्या मोबाईलचा एक फोटो चार-पाच एमबीचा सहज भरतो. जीमेलमधून एका मेलबरोबर २५ एमबीपर्यंतच जोड जाते. त्यापुढचे ड्राईव्हवर चढवून दुवा पाठवावा लागतो. रेंज कमी असलेल्या शिवारात एवढे ओझे चढतच नाही. ट्रॉलीत बसेल तेवढाच ऊस भरावा, तसे हे आहे.

फोटो तीनच पाठवावेत, पण नीट पाठवावेत. एक सगळ्या फडाचा, एक पूर्ण उसाचा आणि एक रोगट भागाचा जवळून, सावलीत काढलेला. सोबत जात, लागणीची तारीख, लागण की खोडवा, आतापर्यंत दिलेली खते-औषधे आणि रोग किती क्षेत्रात आहे, एवढे लिहावे. मेलचा 'विषय' कोरा सोडू नये. 'पाडेगावच्या को ८६०३२ उसावर पानांवर लालसर ठिपके' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला मेल उघडण्याआधीच मुद्दा कळतो. नुसता फोटो आला, ना नाव ना गाव, तर शास्त्रज्ञ तरी काय सांगणार?

दुसरी शंका पत्त्याची. मेलच्या पत्त्यात मधे रिकामी जागा चालत नाही. एक टिंब गळाले, 'कॉम'च्या जागी 'कोम' असे अक्षर पडले, की मेल परत. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांनी मात्र सहसा फरक पडत नाही. मेल परत आला तर 'मेल डिलिव्हरी' अशा नावाने एक उत्तर येते. ते न वाचता पुसू नये. त्यातच कारण लिहिलेले असते. 'ॲड्रेस नॉट फाउंड' म्हणजे पत्ता चुकला. 'मेलबॉक्स फुल' म्हणजे समोरच्याची जागा भरली. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावे.

आपल्यापैकी काही जण सोसायटीचे, दूध संस्थेचे काम पाहतात. संस्थेचे एकच खाते तीन-चार जणांच्या मोबाईलमध्ये उघडे असते. सचिवाने पासवर्ड बदलला की बाकीच्यांचे मेल एकदम थांबतात आणि सगळे म्हणतात, मोबाईल बिघडला! बिघाड कुठेच नसतो. नवा पासवर्ड टाकला की काम होते. संस्थेचा मेल वेगळ्या कंपनीचा असेल आणि हाताने बसवायचा असेल, तर येणाऱ्या मेलसाठी 'आयमॅप' ही पद्धत निवडावी. तिचा नेहमीचा पोर्ट ९९३, आणि जाणाऱ्या मेलचा ४६५ किंवा ५८७. 'पॉप' नावाची जुनी पद्धत एका मोबाईलमध्ये मेल उतरवून घेते आणि कधी कधी संगणकावरचा काढून टाकते. मग बाकीच्यांना तो दिसत नाही. चार जणांचे खाते असेल तिथे पॉप नको.

खात्याची किल्ली कुणाकडे?

आता मूळ दुखण्याकडे येऊ. वरचे सगळे दोष दुरुस्त होतात. एक मात्र सहजी होत नाही: पासवर्ड माहीत नाही आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही आपला नाही.

असे का होते? खाते काढताना दुकानदाराने किंवा फॉर्म भरणाऱ्याने सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकलेला असतो. किंवा तेव्हाचा आपला नंबर पुढे बंद पडलेला असतो. आपल्या बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने बाहेर, घरी ठेवलेल्या सिमला रिचार्ज नाही. नियमाप्रमाणे ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर सिम बंद होऊ शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो. मग खाते उघडण्यासाठी कंपनी जो संकेत पाठवते, तो जातो त्या अनोळखी माणसाच्या मोबाईलवर.

नेटकॅफेत घाईत काढलेल्या खात्यावर मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरला आहे, पासवर्ड कुणालाच आठवत नाही आणि प्रवेशपत्राची वेळ आली आहे, असे प्रसंग आपल्या गावांतून घडतात. वर्षभर अभ्यास करणाऱ्या लेकराच्या पुढे हा डोंगर उभा राहतो. सातबारा दुसऱ्याच्या नावाने ठेवायला कुणी तयार होईल का? मग खाते तरी दुसऱ्याच्या नंबरावर का ठेवावे?

पासवर्ड विसरलाच असेल तर 'पासवर्ड विसरलात?' या वाटेने जावे. हे काम आपण नेहमी वापरतो त्याच मोबाईलवरून आणि नेहमीच्याच जागेवरून करावे. कंपनीला माणूस दिसत नाही. ओळखीचा फोन आणि ओळखीची जागा पाहून ती विश्वास ठेवते. दुकानात जाऊन त्याच्या संगणकावर पुन्हा पुन्हा भलते पासवर्ड टाकले, तर तिचा संशय वाढतो. कधी काही तास, कधी काही दिवस थांबावेही लागते. म्हणून अंतिम तारखेच्या आदल्या रात्री नव्हे, हाताशी वेळ असताना हे करून घ्यावे.

आणखी एक नियम ध्यानात असू द्यावा. दोन वर्षे अजिबात न वापरलेले खाते गूगल पुसून टाकू शकते. हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू झाला आहे. कपाटात ठेवलेल्या जुन्या मोबाईलमधल्या खात्यात काही कागद असतील तर ते खाते वर्षातून एकदा तरी उघडावे.

भगिनी सभासदांना आमचे वेगळे सांगणे आहे. पुष्कळ घरांत ऊस बाईच्या नावावर, बँकेचे खाते बाईच्या नावावर, पण मोबाईल आणि मेल मालकाच्या किंवा पोराच्या. निदान पत्ता आणि पासवर्ड तरी आपल्याला माहीत असावा. वेळप्रसंगी तोच उपयोगाला येतो.

मदतीच्या नावाने लूट

मेल अडला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस फसतो. इंटरनेटवर 'कस्टमर केअर' म्हणून शोधले की चोरट्यांनी मुद्दाम पेरून ठेवलेले नंबर सापडतात. तिकडचा माणूस गोड बोलतो, "एक ॲप घ्या, मी इथून दुरुस्त करून देतो." ते ॲप घेतले की आपल्या मोबाईलचा पडदा त्याला दिसू लागतो. बँकेचा ओटीपीही दिसतो. ऊसबिलाची रक्कम जमा असलेले खाते रिकामे व्हायला मग वेळ लागत नाही. गूगल खात्याचा पासवर्ड परत मिळवून देण्यासाठी फोनवर मदत देत नाही, एवढे पक्के ध्यानात ठेवावे. जो देतो म्हणतो, तो गूगलचा नव्हे.

तसेच 'आपले ऊसबिल अडकले आहे, बँक खात्याची माहिती या दुव्यावर भरा' असा मेल आला, तर नुसत्या नावावर जाऊ नये. नाव कारखान्याचे कुणीही लावू शकतो. नावावर बोट ठेवून खालचा पूर्ण पत्ता वाचावा. शंका आली तर दुवा उघडू नये, गट कार्यालयात विचारावे. बँक खाते बदलायचे असेल तर पासबुक घेऊन स्वतः यावे. फसवणूक झालीच तर लाजू नये, वेळ घालवू नये. १९३० या सरकारी नंबरावर ताबडतोब फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे मधेच थोपवले जाण्याची शक्यता जास्त असते.

गाळपाआधी एवढे करा

एकदा तोडणी सुरू झाली की कुणालाच फुरसत राहत नाही. ना आपल्याला, ना आम्हाला. म्हणून दसऱ्याच्या आत एखाद्या संध्याकाळी अर्धा तास काढून पुढील कामे उरकून घ्यावीत.

१) मोबाईलमध्ये कोणती खाती आहेत ते पाहून एक कायमचे ठरवावे.

२) त्या खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन जोडलेला नंबर आपला आणि चालू आहे का, हे तपासावे. नसेल तर बदलावा. दुसरा पर्यायी पत्ता म्हणून घरातल्याच विश्वासू माणसाचा मेल जोडावा.

३) पत्ता आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही सातबारा, पासबुक ठेवतो त्याच पेटीत ठेवावी. मोबाईलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नये. मोबाईल गेला तर किल्लीही जाते.

४) खात्याची जागा किती उरली ते पाहून बिनकामाचे व्हिडिओ काढावेत.

५) बँकेत, सोसायटीत आणि मुलांच्या अर्जांवर दिलेला पत्ता हाच आहे का, याची खात्री करावी.

६) शेवटी घरातल्याच दुसऱ्या मोबाईलवरून स्वतःला एक मेल पाठवून बघावा. पाणी सोडून चारी तपासतो, तसे. आला तर वाट मोकळी आहे.

यात कुठे अडलात तर गट कार्यालयात या, फिल्डमनला विचारा. तो शेजारी बसून वाट दाखवील. पण पासवर्ड टाकायची वेळ आली की मोबाईल आपल्या हातात घ्या आणि आपल्याच बोटाने टाका. पासवर्ड आमच्या माणसालासुद्धा सांगू नका. त्याने विचारला, तर ते आम्हाला येऊन जरूर सांगा.